शिवाजीनगरचं कॉलेज, चिखलीची जमीन

चिखली म्हटलं की पिंपरी-चिंचवडच्या माणसाला आधी आठवतं ते कुदळवाडीचं भंगार. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेचे बुलडोझर फिरेपर्यंत तिथं गोदामाला गोदाम चिकटलेलं होतं. जुनी बॅरल, प्लास्टिकचे ढीग, कारखान्यांतून लिलावात निघालेला माल, सगळं तिथं. गावाच्या एका अंगाला तळवडे, दुसऱ्या अंगाला मोशी, जरा खाली भोसरीची एमआयडीसी. इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याला लागलं की चाकण. हे गाव १९९७ साली महापालिकेत आलं. इथं एका सरकारी तंत्रज्ञान विद्यापीठाला दुसऱ्या संकुलासाठी सुमारे २८ एकर जागा मिळाली आहे. ते विद्यापीठ म्हणजे शिवाजीनगरचं सीओईपी (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे), जुन्या पुणेकरांचं 'इंजिनिअरिंग कॉलेज'.

२८ एकर म्हणजे या औद्योगिक पट्ट्याच्या मानाने काहीच नाही. एकट्या टाटा मोटर्सचा पिंपरीचा कारखाना आठशे एकरांवर पसरलेला आहे. तरीही या जागेकडे जरा निरखून पाहायला हवं. शिवाजीनगर ते चिखली अंतर अठरा-वीस किलोमीटरचं. देशातल्या सर्वांत जुन्या अभियांत्रिकी संस्थांपैकी एक आणि देशातल्या सर्वांत मोठ्या वाहन उद्योगांपैकी एक इतके शेजारी राहिले, आणि तरी दोघांचं नातं दूरच्या भावकीसारखंच राहिलं. लग्नकार्यात भेटायचे, बाकी आपापल्या घरी.

असं का झालं, याचं उत्तर संस्थेच्या इतिहासात आहे. तंत्रशिक्षणाची कुठलीही संस्था कुणासाठी माणसं घडवते, यावर तिचं बाकी सगळं ठरतं. स्पष्ट बोलायचं तर तिचं गिऱ्हाईक कोण, यावर. सीओईपीचं गिऱ्हाईक पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदललं. पिंपरी-चिंचवडचा कारखाना मात्र त्यात पहिल्या नंबरावर कधीच नव्हता.

पहिलं गिऱ्हाईक होतं सरकारचं बांधकाम खातं. लॉर्ड डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं ते १८५४ साली, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. मुंबई-ठाणे आगगाडी आदल्याच वर्षी धावली होती, पुण्यापर्यंत ती १८५८ साली आली. रस्ते, पूल, कालवे, रेल्वे असं एकदम अंगावर आलेलं काम होतं. साहेब विलायतेतून यायचा, पण साहेबाच्या हाताखाली नकाशा वाचणारा, माप घेणारा, चुन्याचा घाणा आणि मजुरांचा हजेरीपट सांभाळणारा माणूस इथलाच लागायचा. तो ओव्हरसिअर घडवायला ही शाळा काढली. मद्रासची सर्वेक्षण शाळा १७९४ची, रुरकीचं कॉलेज १८४७चं आणि त्यानंतर पुण्याचं १८५४चं. या तिन्ही ठिकाणी इंग्रज सरकारची गरज आधी आणि शिक्षण मागाहून, असाच क्रम आहे. तो लपवण्यात अर्थ नाही.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६५ साली आजच्या मुख्य इमारतीची कोनशिला बसवली, आणि १८६८मध्ये मनोऱ्याची ती दगडी वास्तू उभी राहिली. बांधकामाला सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीचा हातभार होता. याच सुमारास मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळाली आणि ओव्हरसिअरच्या वर्गाशेजारी 'एलसीई' म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीचा परवाना देणारा अभ्यासक्रम आला. हाताखालचा माणूस घडवण्याची शाळा साहेबाच्या खुर्चीजवळ नेणारं कॉलेज होऊ लागली.

त्या खुर्चीपर्यंत पोचलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले आणि १८८३ साली एलसीईला मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या येणाऱ्याला जेम्स बर्कली यांच्या नावाचं पारितोषिक मिळे. बर्कली म्हणजे बोरघाटातून रेल्वे चढवण्याचा आराखडा करणारे जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंते. म्हणजे आजही पुण्याहून लोणावळा लोकल आणि मुंबईच्या गाड्या ज्या मार्गाने धावतात, त्या मार्गाच्या कर्त्याचं बक्षीस. विश्वेश्वरय्या पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

खडकवासल्याला त्यांनी काय केलं ते थोडं नीट सांगण्यासारखं आहे. १८७९ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात बरंच पाणी वाया जाई. साठा वाढवायचा तर धरणाची उंची वाढवायची, म्हणजे पायापासून सगळ्या बांधकामावरचा दाब वाढवायचा. विश्वेश्वरय्यांनी दगडी धरणाला हात न लावता सांडव्यावर दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीला टेकेपर्यंत ती बंद राहत, त्यामुळे एरवी वाहून गेलं असतं ते पाणी अडे. पूर आला आणि पाणी त्या पातळीवर चढलं की दारं आपोआप उघडत, पूर ओसरला की पुन्हा मिटत. मध्यरात्री पावसात कुणी चावी फिरवायला धावायचं नाही. १९०३ साली ही दारं बसली आणि त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं. अभियांत्रिकीच्या वर्गात आज 'ऑटोमेशन' शिकवतात तेव्हा जर्मन रोबोंची चित्रं दाखवतात. खडकवासला वीस किलोमीटरवर आहे, एकदा तिकडेही न्यावं.

१८८० साली कॉलेजचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झालं, कारण तिथं शेतकी आणि वनविद्येचे वर्गही भरू लागले होते. दुष्काळाने हादरलेल्या सरकारला आता शेतकी जाणणारे अधिकारी हवे होते. शेतकीचा भाग पुढे वेगळा होऊन स्वतंत्र कृषी महाविद्यालय झाला आणि १९११ साली हे 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झालं. स्थापत्यामागोमाग यंत्र, विद्युत आणि स्वातंत्र्याच्या सुमारास दूरसंचार व धातुशास्त्र अशा शाखा आल्या. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं, तेव्हा पदवीवरचा शिक्का मुंबईचा जाऊन पुण्याचा आला.

आणि नेमक्या याच काळात नदीपलीकडे कारखाने उभे राहू लागले. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली आलं. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली, सरकारी क्षेत्रातला पेनिसिलिनचा पहिला कारखाना. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो, चिंचवडला बेअरिंगवाले, दापोडी-कासारवाडीला स्वीडिश कंपन्या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवडच्या माळरानांवर प्लॉटचे आकडे पडले. १९७०ला नगरपालिका, १९८२ला महानगरपालिका. तीस वर्षांत भाताच्या आणि बाजरीच्या गावांचं हे शहर झालं.

या कारखान्यांना हवी असलेली माणसं कॉलेजातून आली का? वरची काही आली. खालची, म्हणजे खरा कारखाना चालवणारी, कारखान्यांनी आपली आपण घडवली. याचं ठळक उदाहरण टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी १९६६ साली पुण्याचं काम सुरू केलं तेव्हा पहिला ट्रक नाही काढला. आधी यंत्रं घडवणारी यंत्रं, साचे, डाय, जिग आणि ही सगळी हाताळणारी माणसं. पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ साली, म्हणजे अकरा वर्षांनी. आजच्या गुंतवणूकदाराला ही कथा सांगून पाहावी, तो खुर्चीवरून उठून जाईल. पण त्या अकरा वर्षांत ट्रेनिंग स्कूलमधून निघालेल्या अप्रेंटिसांनी या पट्ट्याची गुणवत्तेची पट्टी ठरवली. कानस धरायची कशी इथपासून त्यांना शिकवलं गेलं. त्यातलीच बरीच मुलं पुढे नोकरी सोडून भोसरीत दोन लेथ टाकून बसली, आणि ज्यांना आज आपण 'व्हेंडर' म्हणतो त्या लघुउद्योजकांची पहिली पिढी तयार झाली. १९६१चा अप्रेंटिस कायदा, औंधचं आयटीआय, महापालिकेचं मोरवाडीचं आयटीआय, गणेशखिंडीतलं १९५७चं शासकीय तंत्रनिकेतन, ही या पट्ट्याची खरी विद्यापीठं होती, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये.

मग इंजिनिअरिंग कॉलेजातली हुशार मुलं गेली कुठे? काही पाटबंधाऱ्यात. माधवराव चितळे १९५५च्या सुमाराचे, पुढे केंद्रात जलसंपदा सचिव झाले आणि १९९३चं स्टॉकहोम जल पारितोषिक त्यांना मिळालं. काही बांधकामात. आणि पन्नासच्या दशकापासून बरीच समुद्रापलीकडे.

बारामतीत जन्मलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल इथून १९५८ साली दूरसंचारची पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेले. पुण्यातच जन्मलेले थॉमस कैलाथ त्यांच्या दोन वर्षं आधीचे. एमआयटीत डॉक्टरेट घेऊन स्टॅनफर्डला प्राध्यापक झालेल्या कैलाथ यांचं संदेश आणि नियंत्रणाच्या गणितातलं काम जगभर शिकवलं जातं. पटेल बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले आणि तिथं १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला.

हा लेझर चालतो कसा हे सांगायला फार अवघड नाही. नळीत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचं मिश्रण असतं. विजेचा प्रवाह सोडला की नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात. त्यांची ही ऊर्जा योगायोगाने कार्बन डायऑक्साइडच्या एका कंपनाशी जवळजवळ जुळते. रेणू एकमेकांवर आपटतात आणि ऊर्जा हातोहात तिकडे जाते. कार्बन डायऑक्साइड ती प्रकाशाच्या रूपात सोडतो. तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. त्या आधीच्या वायू लेझरांची ताकद अगदी किरकोळ होती. हा लेझर मात्र किलोवॉटच्या घरात गेला आणि पोलादाचा पत्रा लोण्यासारखा कापू लागला.

पुढची गंमत अशी की भोसरी-चाकणच्या पत्राकाम करणाऱ्या शॉपमध्ये जी पहिली 'लेझर कटिंग' यंत्रं आली, ती याच जातीची. कंट्रोल पॅनलची कपाटं, ट्रकच्या केबिनचे ब्रॅकेट, मशीनचे गार्ड, सगळं त्यावर कापलं गेलं. आता फायबर लेझरने त्याची जागा घेतली आहे. त्याचा प्रकाश एक मायक्रॉनच्या आसपासचा असतो आणि धातू तो जास्त शोषतो, त्यामुळे पातळ पत्र्याला तो वेगाने कापतो. पण बारामतीच्या आणि शिवाजीनगरच्या पोराची बुद्धी न्यू जर्सीला वळसा घालून, परदेशी यंत्रात बसून, आयात शुल्क भरून भोसरीत आली, ही गोष्ट काही पुसली जात नाही. बारामतीहून भोसरीला यायला एवढा लांबचा रस्ता लागायला नको होता.

कॉलेज आणि पट्टा यांच्यातली ही कोंडी सुटायला दोन टप्पे लागले. पहिला २००३चा, स्वायत्ततेचा. दुसरा २०२२चा, विद्यापीठ होण्याचा. या दोन्हींत नेमकं काय बदललं, हे पालकांनाच काय, पुष्कळ शिक्षकांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून थोडा खुलासा करतो.

संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी ही तिन्ही कुलपं विद्यापीठाच्या हातात असतात. पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, नगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांचा. अभियांत्रिकीच्या एखाद्या विषयात नवं प्रकरण घालायचं तर ते या सगळ्या कॉलेजांत एकदम घालावं लागतं. म्हणजे ते शिकवायला माणूस आणि प्रयोगशाळा सगळीकडे हवी. नसेल तर प्रकरण वगळा. परिणामी अभ्यासक्रम सर्वांत मागे असलेल्या कॉलेजाच्या चालीने चालतो. आणि जे पेपरात येत नाही ते शिकवणाऱ्या मास्तराला मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, 'सर, हे एक्झामला आहे का?'

स्वायत्तता मिळाली की पहिली दोन कुलपं कॉलेजच्या हातात येतात. अभ्यासक्रम आपला, पेपर आपला, तपासणीही आपली. पदवीवर शिक्का मात्र विद्यापीठाचाच. सीओईपीला हे मिळालं तेव्हा कारभारासाठी नियामक मंडळ नेमलं गेलं आणि टाटा कन्सल्टन्सीचे फकीरचंद कोहली त्याचे अध्यक्ष झाले. भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया घालणारा हा माणूस उतारवयात एका सरकारी कॉलेजच्या प्रयोगशाळांत आणि अध्यापकांच्या नेमणुकांत लक्ष घालत होता. संस्थेला नव्याने जी उभारी आली, तिच्यामागे त्यांचा मोठा हात होता.

२०२२ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने 'सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ' अस्तित्वात आलं आणि तिसरं कुलूपही हातात आलं. पदवी आता स्वतःची. पण हे एकात्म विद्यापीठ आहे, म्हणजे त्याला इतर कॉलेजं जोडता येत नाहीत. इथं नेहमी घोटाळा होतो. रायगड जिल्ह्यात लोणेरेला १९८९च्या कायद्याने झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठही सरकारीच, पण ते आता राज्यभरच्या अभियांत्रिकी कॉलेजांना संलग्नता देतं. दोघांची कामं वेगळी. लोणेऱ्याला शेकडो कॉलेजांचा गाडा ओढायचा आहे, सीओईपीला स्वतःच्याच अंगणात नांगर चालवायचा आहे. नाशिक रस्त्यावर चाकणच्याही पुढे, आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीला २००९ साली निघालेलं शासकीय अभियांत्रिकी कॉलेज आहे, ते मात्र अजून पुणे विद्यापीठाशी संलग्न. म्हणजे एकाच पट्ट्याच्या दोन टोकांना दोन सरकारी संस्था, एकीच्या हातात तिन्ही किल्ल्या, दुसरीच्या हातात एकही नाही.

किल्ल्या हातात येण्यात धोकाही आहे, तो सांगायलाच हवा. शिकवणारा, पेपर काढणारा, तपासणारा आणि पदवी देणारा एकच झाला की बाहेरचा डोळा राहत नाही. गुण सढळ झाले तर हटकणार कोण? अशा संस्थेला एकच खरा परीक्षक उरतो, तो म्हणजे तिचा पदवीधर ज्याच्या दारात उभा राहतो तो माणूस. आणि चाकणचा प्लांट हेड हा परीक्षक म्हणून बराच कडक असतो.

आज सीओईपीत बी.टेक.ला स्थापत्य, यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार, संगणक, उपकरणशास्त्र, धातुशास्त्र, उत्पादन अशा शाखा आहेत. रोबोटिक्स व कृत्रिम बुद्धिमत्ता ही त्यांत नवी भर. शिवाय नगर नियोजन, एम.टेक., एमबीए आणि पीएच.डी. प्रवेश सीईटी आणि जेईईच्या गुणांवर, कॅप राउंडमधून. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं. शाखांची यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल, तिथं थांबत नाही. या पट्ट्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची शाखा उत्पादनाची. तिला पूर्वी 'प्रॉडक्शन सँडविच' म्हणत. वर्गातल्या सत्रांच्या मध्ये कारखान्यात काढायची सत्रं, म्हणून सँडविच.

कारखान्यात एक सत्र काढलेल्या मुलाला काय कळतं, ते एका भोकावरून सांगता येईल. समजा भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये २५ मिलिमीटरचं बोअर करायचं आहे आणि ड्रॉइंगवर 'एच ७' लिहिलं आहे. याचा अर्थ भोक २५ पेक्षा लहान चालणार नाही, आणि मोठं चालेल ते फक्त २१ मायक्रॉनपर्यंत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी सूट. तपासणी अगदी सोपी. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन घासून चकचकीत केलेल्या बोंड्या, एक 'गो', एक 'नो-गो'. पहिली अलगद आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. ऑपरेटर दिवसाला शेकडो वेळा हे करतो, मायक्रॉन हा शब्दही न उच्चारता.

आता बोअर करणाऱ्या टूलची धार हळूहळू झिजते. धार झिजली की भोक किंचित लहान पडू लागतं. 'गो' आधी अलगद जात होता, मग जरा रेटून, आणि एक दिवस जातच नाही. तोवर पाचपन्नास जॉब रिजेक्ट. अनुभवी ऑपरेटरला हाताच्या अंदाजाने हे आधीच कळतं आणि तो मशीनला ऑफसेट देऊन मोकळा होतो. अभियंत्याचं काम इथून सुरू होतं. किती जॉबनंतर भोक किती मायक्रॉन सरकतं, ते मोजायचं, आलेख काढायचा, आणि हातातली ही कला अशा आकड्यात उतरवायची की उद्या नवखा मुलगा मशीनवर उभा राहिला तरी रिजेक्शन वाढू नये. नुसतं वर्गात शिकलेल्याला आलेख येतो, पण भोक ठाऊक नसतं. नुसतं शॉपवर वाढलेल्याला भोक ठाऊक असतं, पण आलेख कुणी शिकवलेला नसतो. दोन्ही एका डोक्यात आणायचं तर कॉलेज आणि शॉप यांच्यात जा-ये सोपी हवी, आणि शिवाजीनगरहून ती कधीच सोपी नव्हती. मार्च २०२२मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, ऑगस्ट २०२३मध्ये ती शिवाजीनगरमार्गे सिव्हिल कोर्टापर्यंत पोचली, तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं. पण पिंपरीपासून पुढे भोसरी, तळवडे, चाकण हा रस्ता बसने, रिक्षाने किंवा स्वतःच्या दुचाकीनेच.

सुविधांचं म्हणाल तर त्यातल्या दोन मला फार आवडतात, आणि दोन्हींचा वर्गाशी थेट संबंध नाही. एक बोट क्लब. मुठा जिथं मुळेला मिळते तो संगम जवळच, आणि १९२८पासून इथं रेगाटा होते, विद्यार्थ्यांची होड्यांची स्पर्धा आणि पाण्यावरच्या कवायती. नदीचं आता जे झालं आहे त्या पाण्यात वल्हं मारायला वेगळीच हिंमत लागते, पण पोरं मारतात.

दुसरी 'स्वयम्'. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३४ने वीस उपग्रह नेले, त्यांत सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक किलोच्या आतला हा चिमुकला उपग्रहही होता. अंतराळात गेलेली वस्तू गोल गोल गडगडत राहते. संदेश पाठवायचा तर तिची अँटेना नीट दिशेला हवी. मोठे उपग्रह त्यासाठी चाकं आणि छोटी इंजिनं वापरतात. एक किलोत ते बसवायचं कुठे? विद्यार्थ्यांनी त्यात साधा चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी वळते, तसा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळवून घेतो. पण नुसता चुंबक असला तर तो सुईसारखा हेलकावे खात राहील. म्हणून खास मिश्रधातूच्या बारीक सळ्या घातल्या. हेलकाव्यागणिक त्या सळ्यांतलं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते आणि हेलकावे मंदावतात. वीज लागत नाही, हलणारा भाग नाही. या प्रकल्पावर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या पाळीपाळीने राबल्या. ज्यांनी पहिलं चित्र काढलं ते उड्डाणापर्यंत पास होऊन नोकरीला लागले होते. विनाविजेची ही युक्ती आणि खडकवासल्याची माणसाशिवाय उघडणारी दारं यांच्यात मला सख्खं नातं दिसतं, कुणी ओढूनताणून म्हटलं तरी.

इकडे पट्टाही बदलला आहे. १९९९ साली बजाज चाकणला गेलं तेव्हा तिथं अजून कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग हीच ओळख होती. २००९मध्ये फोक्सवॅगन आलं, मर्सिडीजही पिंपरीतून चाकणला हलली, पाठोपाठ महिंद्रा. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी ही गावं एमआयडीसीच्या फेजच्या नावांनी ओळखली जाऊ लागली. जून २०२२मध्ये बजाजने आकुर्डीच्या जुन्या जागेत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू केला, म्हणजे सीओईपीला विद्यापीठाचा दर्जा मिळाला त्याच वर्षी. महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्याही चाकणलाच बनतात.

विजेच्या गाडीत इंजिन नाही, गिअर बॉक्स जवळपास नाही, सायलेन्सर नाही. भोसरीतली किती शॉप या तीन गोष्टींच्या सुट्या भागांवर उभी आहेत, ते तिथल्या कुठल्याही गल्लीत विचारावं. पिस्टन, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, गिअर ब्लँक करणाऱ्याला आता बॅटरीची पेटी, मोटरचं हाउसिंग, तांब्याच्या बसबार असं काहीतरी नवं धरावं लागणार. त्याच्याकडे संशोधन विभाग नसतो. मालक स्वतः, एक सेटर, चार ऑपरेटर आणि जीएसटी भरणारा अकाउंटंट, एवढीच मंडळी. नमुना तपासून घ्यायला चिंचवडचं ऑटो क्लस्टर आहे, भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, चाकणला एआरएआयचं केंद्र आहे. पण नमुना करायचा कसा, ॲल्युमिनियमच्या पातळ पेटीला वेल्डिंग करताना ती वाकते ती का, हे बसून समजावणारा माणूस तो कुठून आणणार? चिखलीच्या जागेचं पहिलं काम हे असावं, असं माझं मत आहे. संगणकाच्या जागा वाढवायला शिवाजीनगर आणि बाकीची खासगी कॉलेजं पुरेशी आहेत.

आणि दुसरं काम शिफ्टचं. पहिली शिफ्ट दुपारी साडेतीनच्या आसपास सुटते. तळवड्याच्या किंवा भोसरीच्या कंपनीतला डिप्लोमा झालेला पंचविशीतला मुलगा आज तिथून शिवाजीनगरच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ म्हणाला, तर नाशिक फाट्याची कोंडी, पिंपरीची मेट्रो, परतीची शेवटची बस या गणितात त्याची हौस एका सत्रात जिरते. चिखली त्याच्यासाठी दुचाकीवर पंधरा मिनिटं. साडेपाचला वर्ग सुरू झाला तर घरी जाऊन चहा घेऊनही तो पोचतो. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग चालवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३पासून परवानगी दिलेली आहे. विद्यापीठाच्या हातात अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या तिन्ही किल्ल्या आहेत. अशा मुलाला कारखान्यातल्या कामाचे श्रेयांक द्यायचे की नाहीत, हेही आता त्यालाच ठरवायचं आहे, पुणे विद्यापीठाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. दुसऱ्या शिफ्टवाल्यांसाठी मात्र सकाळी सातची तुकडी वेगळी काढावी लागेल.